चाळीस पावलांवरचा पंप

प्रिय ओजस आणि तन्वी,

मागच्या रविवारी स्काइपवर तन्वीने विचारलं, "आजी, तुमच्या गॅरेजमध्ये गाडी का नाही?" मी उत्तर द्यायच्या आत तुमचे आजोबा मागून ओरडले, "कारण तिथे आजीचा कारखाना आहे!" तेवढ्यात तुमच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. इकडे आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाला 'कामाचे अनुभव' हवे होतेच. तेव्हा हे एकदाच नीट लिहून काढते. एक प्रत अंकाला आणि एक तुम्हाला, पार्सलमधून. पार्सलमध्ये फराळाखाली एक पितळी कडं असेल. ते काय आहे, ते शेवटी सांगेन. आधी ते उघडून खेळत बसू नका.

तर, गॅरेजमध्ये लेथ मशीन आहे. कुंभाराचं चाक तुम्ही इथे आला होतात तेव्हा पाहिलंत. त्यावर माती फिरते आणि कुंभार हाताने आकार देतो. लेथवर माती नाही, लोखंड किंवा पितळ फिरतं, तेही आडवं. हाताच्या जागी एक कठीण पोलादी टूल असतं. ते फिरत्या धातूला टेकवलं की बटाट्याची साल निघावी तशी धातूची साल निघते. ही साल वळ्यावळ्यांची, चमकदार आणि फार धारदार असते. आजोबांच्या मोज्यांत ती नेहमी सापडते. "लोकांच्या घरी मे महिन्यात कुरडया होतात," ते म्हणतात, "आमच्याकडे बारा महिने. पण खाता येत नाहीत."

मी नोकरी केली तीही अशाच मशीनच्या शेजारी बसून. मात्र मशीनला हात न लावता. तळोज्याच्या एका पंपांच्या कारखान्यात मी इन्स्पेक्टर होते. पोलिसातली नव्हे. टर्नरने, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराने, जॉब केला, म्हणजे एखादा भाग तयार केला, की तो माझ्या टेबलावर यायचा. माझ्यासमोर त्याचं ड्रॉइंग असायचं. मी मायक्रोमीटरने मोजायचे. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यात दिसतो. माप बसलं तर हिरवा ठिपका, नाही बसलं तर लाल. रंगाच्या दोन छोट्या बाटल्या आणि दोन ब्रश माझ्या खणात असत. इंग्रजी शाळेत शिकलेली, विज्ञानाची पदवी घेतलेली, शेडमधली एकटी बाई. सुरुवातीला माझ्या खुर्चीभोवती पुरुष उगीच घोटाळायचे. दोन महिन्यांत ते बंद झालं. माझी लाल बाटली हिरवीपेक्षा लवकर संपते, असं शेडमध्ये बोललं जाई. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

त्या शेडमधले सर्वांत चांगले टर्नर म्हणजे दामोदर म्हात्रे. ओवे गावचे. उंच, सावळे, कानावर पेन्सिल. मशीनच्या आवाजावरून टूल बोथट झालं की नाही ते सांगायचे. त्यांचा जॉब मी क्वचितच नापास करायचे. पण एकदा केला. पुढचं सगळं त्या एकदापासून सुरू होतं, म्हणून ते सांगायलाच हवं.

एक जुना पंप दुरुस्तीला आला होता. त्याचा मधला दांडा, म्हणजे शाफ्ट, म्हात्रेंनी नवा केला. माझ्या मायक्रोमीटरवर तो तीन शंभरांश जाड भरला. केसाहूनही कमी. मी लाल ठिपका लावला.

म्हात्रे टेबलाशी आले. "मॅडम, आमी मुद्दाम जाडा ठेवलाय. पंप जुना हाय, त्याचं भोक झिजलंय. एकदा पंप बगून या ना. शेडच्या त्या टोकाला हाय. चाळीस पावलं."

मी म्हटलं, "म्हात्रे, माझ्यासमोर ड्रॉइंग आहे. पंप नाही."

त्यांनी शाफ्ट उचलला. "बरं," म्हणाले आणि गेले.

त्यांना मेमो मिळाला. त्या वर्षीची बढती हुकली. त्यांनी दुसरा शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणे केला, मी हिरवा ठिपका दिला. पंधरा दिवसांत तो पंप खडखडत परत आला. मला कळलं होतं ते. पण माझ्या रजिस्टरात चूक नव्हती, म्हणून मी रात्री शांत झोपले.

निवृत्त झाले आणि माझ्या लक्षात आलं की तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं मोजलं, स्वतः एक खिळासुद्धा केला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं. तिथलं जुनं लेथ मशीन मी घेतलं. टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली, गॅरेजच्या दोन फरश्या फुटल्या. आजोबांनी आपली स्कूटर मुकाट्याने बाहेर काढून तिच्यावर प्लॅस्टिक घातलं. "इतर बायका निवृत्त झाल्या की भजनी मंडळात जातात," ते म्हणाले.

"तिथे गळा लागतो," मी म्हटलं. "माझ्याकडे नाही."

पण मशीन घेतलं म्हणजे ते चालवता येतं असं नाही. मोजायला येतं म्हणजे करायला येतं, असंही नाही. हे मला पहिल्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी मी म्हात्रेंना फोन केला. ते आले ते मोठ्या पांढऱ्या गाडीतून. गावची शेतं गेली होती, तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि कानावर पेन्सिल लावणारे म्हात्रे आता घरमालक झाले होते. गळ्यात जाड साखळी. गाडी रस्त्यावरच ठेवावी लागली, कारण आमचं गॅरेज भरलेलं.

"तीस वर्षं तुमी आमचं मोजलंत," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आता आमी तुमचं मोजणार. चालंल काय?"

"चालेल."

"मंग पैलं ते मंगळसूत्र काडा."

आजोबा चहा घेऊन येत होते, ते दारातच थबकले. म्हात्रेंनी समजावलं, "दादा, फिरत्या मशीनमदी पोत अडकली का मान जाते. बांगड्या बी नको, पदर बी नको." तेव्हापासून गॅरेजच्या खिडकीत एक स्टीलचा डबा आहे. काम सुरू करण्याआधी मंगळसूत्र आणि बांगड्या त्यात, आणि अंगात आजोबांचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शेजारी विचारतात तेव्हा आजोबा सांगतात, "दहा ते बारा मी कुणाचा नवरा नसतो."

माझा पहिला जॉब एक साधी गोल सळई होती. म्हात्रेंनी ती हातात धरली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोट फिरवलं. "मॅडम, सळई सांगितली होती. तुमी गाजर केलंत." मग मी कारखान्यातून आणलेली लाल बाटली स्वतःच माझ्या खणातून काढली आणि मोठा ठिपका लावला. इतक्या आनंदाने रंग लावताना मी माणूस पाहिलेला नाही. तसे ठिपके मला एका वर्षात बरेच मिळाले. शाफ्टबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

हळूहळू हात बसला आणि लोक यायला लागले. धंदा नव्हता, हौस होती. पण 'तळ्याजवळच्या बाई करून देतात' हे पनवेलभर झालं. शिरढोणचे एक गुरुजी आले. त्यांची काठी दोन बोटं आखूड झाली होती, झिजून. नवी नको होती, कारण हिला कुत्री ओळखतात म्हणाले. तिला खाली पितळी टोपण करून दिलं. नेऱ्याजवळ फार्महाऊस बांधणारे एक मुंबईकर आले. त्यांच्याकडे जुन्या दाराची एक पितळी मूठ होती. तशाच अकरा हव्या होत्या, पण 'दोनशे वर्षांपूर्वीच्या दिसायला हव्यात'. मी सांगितलं, मुठी पंधरा दिवसांत मिळतील, दोनशे वर्षांसाठी मात्र थांबावं लागेल. ते परत आले नाहीत. एक बाई कुकरची शिट्टी करून द्या म्हणून हटून बसल्या. ती मी करत नाही. तिचं वजन चुकलं तर कुकर फुटतो. आणि आजोबांसाठी एक पितळी स्ट्रायकर केला, त्याने पहिल्याच डावात कॅरमची चौकट फोडली. तो आता कागदांवर ठेवते.

मोहल्ल्यातल्या खतिजाबी माझ्याकडे आल्या त्या वर्षी, दोन हजार दहाच्या सुमारास, रोजे भर पावसाळ्यात येणार होते. म्हणजे ईदही पावसाळ्यात. ईदच्या शेवया पावसात वाळत नाहीत, त्या मे महिन्यातच करून ठेवाव्या लागतात. त्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या घरांच्या शेवया करायच्या, आणि आमच्या आळीतल्या चार-पाच घरांच्याही. नवरा गेल्यापासून त्यांचं घर त्यावर होतं. त्यांचं मशीन सासूच्या वेळचं, बिडाचं. वरून पीठ घालायचं, मूठ फिरवायची, आतला पेचदार दांडा पीठ पुढे ढकलतो आणि जाळीतून शेवया येतात.

त्यांनी माझ्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत एक झिजलेलं पितळी कडं होतं. याला बुश म्हणतात. मशीनचा दांडा या कड्यात बसून फिरतो. कडं झिजलं की दांडा डुलतो.

"मशीन डुलतंय, मॅडम. पीठ मागूनच बाहेर येतं. चार दुकानं फिरले, या मापाचं कुणाकडे नाही. पंधरा दिवसांचं ऊन राहिलंय." त्यांनी रुमालाची घडी केली. "आता दुकानात पाकिटं आलीत. एका ईदेला बायकांनी पाकीट आणलं ना, तर पुढच्या ईदेला माझ्या दारात कोण येणार?"

मी म्हटलं, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत देते. शनिवारी पीठ मळा."

"नक्की ना?"

"मी तीस वर्षं मापं घेतली आहेत, खतिजाबी."

हे वाक्य मी बोलले, ते लक्षात ठेवा.

ते कडं मी कसं मोजलं, सांगते. आतून, बाहेरून, दोन्ही टोकांना, प्रत्येकी तीनदा. आतलं भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूने जास्त भरत होतं आणि दुसऱ्या बाजूने कमी. मी दोन्हींची सरासरी काढली. वहीत ड्रॉइंग काढलं, मापं लिहिली, खाली रेघ मारली. मग पितळेच्या दांड्यातून नवं कडं केलं. शंभरांशाचाही फरक नव्हता. माझ्या हातून झालेला तो सर्वांत सुंदर जॉब होता. म्हात्रे त्या आठवड्यात लग्नाला गेले होते, म्हणून मी स्वतःच हिरवा ठिपका लावायचा विचार केला. नशीब, लावला नाही. बाटली वाळली होती.

शनिवारी सकाळी नऊला फोन वाजला. खतिजाबींचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, कडं बसवलं. तसंच डुलतंय. पीठ मागून येतंय. आणि पीठ मळून झालंय हो सगळं. दुपारच्या अजानपर्यंत राहील, मग या उन्हात आंबून जाईल."

मला वाटलं, मापात चूक झाली. वही काढली, पुन्हा मोजलं. जुनं कडं आणि वहीतली मापं तंतोतंत. मी म्हात्रेंना फोन केला. ते आदल्या रात्रीच लग्नाहून परतले होते, ओव्याहून वीस मिनिटांत आले. मी त्यांच्यापुढे वही ठेवली, जुनं कडं ठेवलं, एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडलीच नाही. जुन्या कड्यात अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "मॅडम, पंप बगून आलात काय?"

मी वही उचलून खणात टाकली.

मुलांनो, माझी चूक तुमच्या लक्षात आली का? झिजलेलं कडं मी इतकं अचूक मोजलं, की त्याची झीजसुद्धा अचूक उतरवली. मी नवं कडं केलंच नाही. मी नवं कोरं झिजलेलं कडं केलं. ज्या दांड्यावर ते बसायचं, तो दांडा मी पाहिलाही नव्हता. तो होता मोहल्ल्यात, घरापासून दहा मिनिटांवर.

आम्ही म्हात्रेंच्या गाडीतून गेलो. खतिजाबींच्या गच्चीवर चार बायका ओल्या फडक्याखाली झाकलेल्या पिठाभोवती बसल्या होत्या. दोऱ्या बांधून तयार, वर ऊन तयार, आणि मशीन मात्र गप्प. मी काय झालं ते सरळ सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

खतिजाबींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! कासार बांगडी भरताना हात बघतो, मॅडम. जुनी बांगडी मोजून नवी कोण भरतं?"

"तीस वर्षं मापं घेत होत्या म्हणे," एक बाई दुसरीला म्हणाली. हळू नाही, मला ऐकू येईल अशी.

मी माझं कडं ठोकून बाहेर काढलं, दांडा काढून घेतला, त्याच्या मानेवर चर पडले होते ते पाहिले. ज्या बिडाच्या भोकात कडं ठोकून बसवायचं, त्याचंही माप घेतलं. घरी आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मंगळसूत्र डब्यात, शर्ट अंगात. म्हात्रे हात मागे बांधून उभे राहिले. मी म्हटलं, "तुम्ही करा, वेळ नाही."

"शबुद तुमी दिलाय. तुमीच करा."

आधी दांडा मशीनवर चढवून त्यावरून टूल अगदी हलकं फिरवलं आणि चर घालवले, म्हणजे तो पुन्हा गोल झाला. मग तो उतरवून नव्या कड्याचं पितळ चढवलं. कड्याचं भोक दांड्याच्या मापाजवळ येत गेलं तसा माझा हात मायक्रोमीटरकडे जायला लागला.

"किती मोकळं ठेवू? आकडा सांगा."

"आकडा नाय. दांड्याला फिराया आनि तुपाला बसाया जेवडी जागा लागते, तेवडी ठेवा. दांडा घालून बगा, परत एक साल काडा, परत घालून बगा."

मी दांडा घालून पाहिला. अडकला. एक साल. पुन्हा अडकला. आणखी एक, अगदी धुरासारखी. या वेळी दांडा आपल्याच वजनाने खाली उतरला, सावकाश. अडला नाही, धावलाही नाही. मी म्हात्रेंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडीची किल्ली काढली.

गच्चीवर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. कडं ठोकून बसवलं, दांड्याला तेलाच्या जागी तूप लावलं. खतिजाबींनी पीठ घातलं, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि मूठ फिरवली. दोन फेरे काहीच झालं नाही. त्या दोन फेऱ्यांत मी किती म्हातारी झाले, ते सांगत नाही. तिसऱ्या फेऱ्याला जाळीतून शेवया उतरल्या, सगळ्या एकदम, सरळ, केसांसारख्या. मागे पिठाचा कणसुद्धा नाही. बायकांनी त्या हातांवर झेलून दोरीवर टाकायला सुरुवात केली. अजान झाली तेव्हा पहिली दोरी भरली होती आणि दुसरी अर्धी.

"माशाल्ला," खतिजाबी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पुढच्या वेळी कडं नाही आणणार हो. मशीनच डोक्यावर घेऊन येईन." सगळ्या हसल्या. ती टोमणा मारणारी बाई सर्वांत जास्त.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "म्हात्रे, तो शाफ्ट बरोबर होता."

ते समोर बघत होते. "कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला. मला चाळीस पावलं चालायला हवं होतं. तुमचं वर्ष गेलं."

त्यांनी गिअर बदलला. तळ्याचं वळण आलं, गेलं. मग म्हणाले, "तो शाफ्ट आमी भंगारातून इकत घेतला, मॅडम. घरी नेला, इहिरीच्या रहाटाला लावला. पंदरा वर्षं पानी काडलं त्याच्यावर सगल्या आळीनं. इहीर बुजवली तवा काडून ठेवला. हाय घरी."

दुसऱ्या दिवशी ते तो घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. घासून घासून चकचकीत झालेला. पण टोकाला, जिथे दोर पोचत नव्हता, तिथे माझा लाल ठिपका अजून होता. फिकट, पण होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, अगदी पूर्वी ठेवायचे तसा. "घ्या. पास करा."

मी हिरव्या बाटलीत दोन थेंब टर्पेंटाइन घालून ती ढवळली. आणि सवयीने माझा डावा हात मायक्रोमीटरकडे गेला.

"मोजू नका हो!" म्हात्रे ओरडले. आजोबा स्वयंपाकघरातून धावत आले.

मी न मोजता हिरवा ठिपका लावला, लालच्या शेजारी. म्हात्रेंनी फुंकर मारून तो वाळवला. "वीस वर्षं लागली पास व्हायला," ते म्हणाले. "आमचा पोरगा बी एवड्यांदा बसला नाय दहावीला." मग शाफ्ट पुन्हा कागदात गुंडाळला आणि चहा न घेताच गेले. चहा न घेता गेले, असं त्यांचं त्याआधी किंवा नंतर कधी झालं नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जॉब कितीही लहान असो, आधी चप्पल घालायची आणि तो जिथे बसणार ती जागा बघून यायची. आजोबा म्हणतात, त्यामुळे माझं वजनही कमी झालंय.

आता पार्सलबद्दल. पिशवीतल्या शेवया खतिजाबींच्या आहेत. दुधात करा, बाबाला येतात. पितळी कडं हे माझं, तेच पहिलं. त्यावरचा लाल ठिपका मी स्वतः लावला आहे. ते कशातही बसणार नाही, प्रयत्न करून बघा. पण ओजसकडे व्हर्निअर असेल तर मोजून जरूर बघा. वहीचं पान सोबत जोडलं आहे. माप अगदी बरोबर आहे.

तुमची,
आजी